आठवा दिवस

थर्मामीटरवर १०१.२ होतं आणि बाहेरच्या खोलीत एकतीस माणसं आईच्या बरं होण्यासाठी जपमाळ म्हणत होती.

१३ ऑगस्ट २०२२, शनिवार. पंधरा ऑगस्ट हा आम्हा कॅथलिकांचा मारियेच्या स्वर्गउन्नयनाचा सण. त्याआधी नऊ दिवस नोव्हेना असते, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना. त्या वर्षी गिरीजमधल्या आमच्या आळीने ती आमच्या घरी करायचं ठरवलं होतं, आईसाठी. शनिवार हा आठवा दिवस.

आई आतल्या खोलीत पडून होती. पंखा बंद आणि अंगावर दोन चादरी. ऑगस्टमधल्या वसईत पंखा बंद करून कुणी झोपत नाही. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं, पण मी पाणी द्यायला गेले आणि हाताला हात लागला म्हणून कळलं.

"कधीपासून आहे?"

"दुपारपासून असेल. हळू बोल. त्यांना जाऊ दे, मग बघू."

बाहेर तिसरं रहस्य सुरू झालं होतं. अजून दोन बाकी होती. मग लितानी, मग चहा.

ज्यांच्या घरात केमोथेरपी झालेली नाही, त्यांना १०१ ताप म्हणजे पॅरासिटामॉल आणि झोप असं वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं असतं. पण केमोची औषधं भराभर वाढणाऱ्या पेशी मारतात, आणि त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही येतात. औषध दिल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात त्यांची संख्या तळाला जाते. त्या काळात जंतुसंसर्ग झाला तर शरीराकडे लढायला काही नसतं. ताप हीच एकमेव खूण, आणि मग प्रश्न तासांचा असतो. आम्हाला मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं: ताप १००.४ च्या वर गेला तर वाट पाहू नका. तो कागद मी फ्रिजवर चुंबकाने लावला होता. आईची दुसरी केमो २ ऑगस्टला झाली होती. म्हणजे त्या दिवशी अकरावा दिवस होता. आणि आई वाट पाहत होती.

*

गाठ आईला मे महिन्यात लागली होती. तिने ती आम्हाला जूनमध्ये सांगितली, कारण मध्ये मावसभावाचं लग्न होतं. वय सत्तावन्न. बायॉप्सी झाली, रिपोर्ट आला, आणि जुलैपासून परळला टाटा मेमोरियल.

टाटा हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचं नाव आहे. हे मूळचे गोव्याचे, टाटा मेमोरियलमधले नावाजलेले कॅन्सर सर्जन, १९६९ साली वारले. आईने पहिल्याच दिवशी ती पाटी वाचली आणि म्हणाली, "बघ, आपलाच माणूस आहे." मला वाटलं, काय हा आधार शोधणं. पण मग रांगेत बसल्याबसल्या मीही फोनवर त्या हॉस्पिटलचा इतिहास वाचत होते. दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. दोराबजीही पुढच्याच वर्षी गेले. त्यांच्या मागे त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ रोजी हे हॉस्पिटल सुरू केलं. एका घरातल्या दुःखातून उभी राहिलेली इमारत. हे वाचून मला बरं वाटलं. का, ते सांगता आलं नसतं. आईला पाटी वाचून वाटलं असेल तसंच काहीतरी असावं.

केमोचे सगळे दिवस मंगळवारी आले. सकाळी रिक्षाने वसई रोड, तिथून लोकल. मुंबईच्या लोकलमध्ये दिव्यांगांसाठी जो छोटा डबा असतो, त्यात कॅन्सरचे रुग्णही बसू शकतात. कॉलेजच्या चार वर्षांत आणि नोकरीच्या आधीच्या वर्षांत मी विरार लोकलला लटकून प्रवास केला, पण त्या डब्यावरची पाटी कधी पूर्ण वाचली नव्हती. आई खिडकीपाशी बसून माळ ओढायची. मंगळवारी दुःखाची रहस्ये म्हणतात. मी समोर लॅपटॉप उघडून सकाळची मीटिंग म्यूटवर ऐकायची. मीरा रोडच्या आसपास तिची एक माळ पुरी व्हायची आणि माझ्या टीमचं स्टँडअप.

*

घरी बातमी लपवायचा प्रश्नच नव्हता. गिरीज तसं अजून गाव आहे. वाड्या कमी झाल्या, इमारती आल्या, पण कुणाच्या घरासमोर अवेळी रिक्षा थांबली तर संध्याकाळपर्यंत चौकशी होते. आठवड्याच्या आत आईचं नाव रविवारच्या मिस्सेच्या प्रार्थनांमध्ये आलं. आळीतल्या बायकांनी वार वाटून घेतले: सोमवारी कुणाकडची पेज, बुधवारी कुणाकडचं सूप. पप्पांना वाडीत केळी उतरवायला न सांगता माणसं आली. हे सगळं ज्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरायचं, त्याचं नाव आधी 'जपमाळ मंडळ' होतं.

मावशी बांद्र्याला माउंट मेरीला जाऊन नवस बोलून आली. तिथे रस्त्यावर मेणाचे हात, पाय, डोकी, घरं, बाळं विकायला असतात. ज्याचं जे दुखणं, ते मेणाचं करून मातेला वाहायचं. मावशीला तिथल्या माणसाकडे 'स्तन' मागायची लाज वाटली. तिने अख्खी बाई घेतली. "सगळीच बरी होऊ दे, त्यात तोही आलाच," म्हणाली. आई त्या दिवशी खूप हसली. केमो सुरू झाल्यावर पहिल्यांदाच.

कुणी लुर्डचं पाणी दिलं. कुणी संत पेरेग्रीनचं चित्र दिलं. हा तेराव्या-चौदाव्या शतकातला इटलीतला साधू, कॅन्सरच्या रुग्णांचा संत. पाय कापायचं ठरलेलं असताना आदल्या रात्री क्रूसासमोर प्रार्थना केली आणि सकाळी पाय बरा झाला होता, अशी त्याची कथा. आईने ती वाचून म्हटलं, "म्हणजे यानेही आधी ऑपरेशनची तारीख घेतलीच होती." शेजारच्या काकूंनी हिराडोंगरीवरच्या दत्तमंदिरातला अंगारा आणून दिला. आईने तो चित्राशेजारीच ठेवला.

आणि नात्यातल्या एकाने एक तेल आणलं. प्रार्थना केलेलं तेल, तीन आठवडे लावायचं, आणि तोवर केमो बंद ठेवायची. "विषावर विश्वास ठेवायचा की देवावर?" असं त्याने मला विचारलं. मी त्याला दारातूनच परत पाठवलं. मोठ्याने बोलले. आई दोन दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, कारण माणूस चहा न घेता गेला होता.

माझाही एक धर्म होता त्या दिवसांत. गूगल शीटमध्ये तारखा, औषधांचे डोस, हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, वजन, पाणी किती प्यायली, उलटी किती वेळा. आकडा घसरला की चौकट लाल व्हायची. रात्री दोन वाजता मी शोधनिबंध वाचत बसायची. त्यातच मला तो अभ्यास सापडला. अमेरिकेत हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला. सहा हॉस्पिटलं, बायपास शस्त्रक्रियेचे १,८०२ रुग्ण, तीन गट. पहिल्या दोन गटांना सांगितलं होतं की तुमच्यासाठी प्रार्थना होईल किंवा होणार नाही. त्यातल्या एकासाठी प्रार्थना झाली, दुसऱ्यासाठी नाही. तिसऱ्या गटाला खात्रीने सांगितलं की तुमच्यासाठी प्रार्थना होते आहे, आणि ती झालीही. पहिल्या दोन गटांत शस्त्रक्रियेनंतरच्या अडचणींचं प्रमाण जवळजवळ सारखं, ५२ आणि ५१ टक्के. ज्यांना खात्रीने माहीत होतं, त्यांच्यात ५९.

मला आनंद झाला, हे कबूल करते. आमच्या कामात याला ए-बी टेस्ट म्हणतात. मी तो स्क्रीनशॉट काढून ठेवला, तेल आणणाऱ्याला पाठवायला. आईला दाखवायचाही मोह झाला होता. तो ५९ चा आकडा का वाढला असावा, याचा विचार मी त्या रात्री केला नाही.

*

तर, आठवा दिवस.

मी बाहेरच्या खोलीत गेले आणि पप्पांच्या कानात सांगितलं. पप्पा गुडघ्यांवर होते. ते उठले, आणि त्यांना उठताना बघून मावशी थांबली, आणि मग एकेक करत सगळी खोली थांबली. मी म्हणाले, "आईला ताप आहे. आम्ही निघतो." कुणीतरी म्हणालं, "रहस्य तरी पुरं होऊ दे." ज्या बाई हे म्हणाल्या त्यांनीच पुढच्या मिनिटाला आईच्या चपला शोधून दिल्या.

रात्री जवळच्या एका हॉस्पिटलमध्ये दाखल केलं. लढाऊ पांढऱ्या पेशी ३८० होत्या. पाचशेच्या खाली गंभीर समजतात. शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं. डॉक्टरांनी विचारलं, ताप कधी आला. आई म्हणाली, "संध्याकाळी." मी म्हणाले, "दुपारी." डॉक्टरांनी आमच्या दोघींकडे बघितलं आणि दुपार लिहिलं.

पहाटे साडेतीनला तिचं अंग जरा निवलं. मी रागाने थकले होते. विचारलं, "का नाही सांगितलंस? चुंबक लावून ठेवलंय मी फ्रिजवर."

ती बराच वेळ सलाइनच्या थेंबांकडे बघत राहिली. मग म्हणाली, "एकतीस माणसं आलेली. वाडी, पोरं, स्वयंपाक टाकून. आठ दिवस रोज. आठव्या दिवशी मला ताप आला असं कळलं असतं तर त्यांना काय वाटलं असतं? आपलं काही पोचलंच नाही, असं नसतं वाटलं?"

मी काही बोलले नाही.

"रोज येऊन म्हणतात, तू बरी होणारच, आमचा विश्वास आहे. मग मला रोज बरं दिसावं लागतं गं. त्याचाच थकवा जास्त येतो."

तेव्हा मला तो ५९ आठवला. त्या अभ्यासावर लिहिणाऱ्यांनी एक शक्यता मांडली होती: माझ्यासाठी मुद्दाम प्रार्थना करणारी माणसं बसवली आहेत, म्हणजे मी किती आजारी असेन, आणि आता बरं होऊन दाखवायला हवं, असा ताण रुग्णावर आला असेल. मी ते वाचलं होतं. शीटमध्ये आईचं वजन दशांशापर्यंत लिहिणाऱ्या मला ते तिच्या तोंडावर दिसलं नव्हतं. आणि आणखी एक. मी रोज सकाळी विचारायची, "कसं वाटतंय, एक ते दहा?" ती रोज सात सांगायची. पाच सांगितलं की माझा चेहरा पडतो, हे तिला माहीत होतं. म्हणजे बाहेरच्या खोलीत एकतीस जण होते आणि बत्तिसावी मी.

*

पंधरा ऑगस्टला ती हॉस्पिटलमध्येच होती. सणाची मिस्सा आणि झेंडावंदन उरकून आमच्या धर्मग्रामातले तरुण फादर आले. हातात तेलाची छोटी डबी. ते बघून पप्पा दारातच उभे राहिले आणि म्हणाले, "फादर, इतकं झालं नाहीये अजून."

पप्पांच्या लहानपणी हे तेल माणूस शेवटच्या घटका मोजू लागला की लावत. फादर तेल घेऊन घरात शिरले की बायका रडायला सुरुवात करत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर चर्चने यात बदल केला. १९७२ साली नवा विधी आला, आणि रुग्णाभ्यंग हा मरणाऱ्यांपुरता न राहता गंभीर आजारी असलेल्या कुणासाठीही झाला. तो पुन्हा पुन्हा घेता येतो. फादरांनी पप्पांना हे सगळं नीट समजावलं, व्हरांड्यात, दहा मिनिटं. पप्पांनी विचारलं, "म्हणजे नंतर माणूस घरी येतो?" फादर म्हणाले, "बहुतेक येतात."

मग ते आईजवळ बसले. तिने त्यांना तापाची गोष्ट सांगितली, कबुली दिल्यासारखी. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आंटी, ताप आला की आधी डॉक्टर. माळ रिक्षातही म्हणता येते." मग तिच्या कपाळाला आणि तळहातांना तेल लावलं. कपाळावर तेव्हा एकही केस नव्हता, तेल चमकत राहिलं.

घरी आल्यावर आई फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं 'सुबोध बायबल' घेऊन बसायची. ईयोबाचं पुस्तक वाचायची. सगळं गमावलेल्या, अंगभर फोड आलेल्या ईयोबाला भेटायला त्याचे तीन मित्र येतात. सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द बोलत नाहीत. नंतर बोलायला लागतात, आणि तुझं दुःख तुझ्या कुठल्या पापामुळे आलं ते त्याला समजावतात. आई म्हणाली, "गप्प बसले होते तोवर चांगले मित्र होते."

त्याच आठवड्यात तिने मावशीला बोलावून तीन गोष्टी सांगितल्या. माळ सुरू करायच्या आधी माझा ताप मोजायचा. 'होणारच' हा शब्द कुणी वापरायचा नाही. आणि रोज माझ्यासाठी प्रार्थना करायची नाही, दुसऱ्या कुणाचं तरी नाव घ्यायचं. नावं मी देईन.

नावं तिच्याकडे भरपूर होती. टाटाच्या बाकांवर बसून तिने ती गोळा केली होती. माझ्या शीटमध्ये तिने एक पान मागून घेतलं. नाव, गाव, पुढची तारीख. गोरखपूरचा एक मुलगा, कोल्हापूरच्या एक शिक्षिका, नालासोपाऱ्याचे एक रिक्षावाले. आणि जळगावकडच्या एक ताई. त्या दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत राहत. टाटाला बाहेरगावाहून येणाऱ्या कितीतरी घरांचा मुक्काम तिथेच असतो. या ताईंच्या गळ्यात तुळशीची माळ. वारकरी घर. आईच्या मण्यांकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमच्यात किती मणी?" आईने मोजून सांगितलं, एकोणसाठ. "आमच्यात एकशेआठ." "मग तुमचं जास्त पोचत असेल," आई म्हणाली. त्या म्हणाल्या, "अदलाबदल करू. तुम्ही माझं नाव घ्या, मी तुमचं घेते."

ऑक्टोबरपासून दर आठवड्याची केमो सुरू झाली, बारा वेळा. ७ डिसेंबरला दत्तजयंती होती, काकू प्रसाद घेऊन आल्या. त्या संध्याकाळी आईच्या बोटांना मुंग्या येत होत्या, मणी हाताला लागत नव्हते. काकूंनी तिच्या हातातली माळ धरली आणि एकेक मणी पुढे ढकलत बसल्या. त्यांना शब्द येत नव्हते, पण प्रार्थना कुठे संपते ते बायकांच्या सुरावरून कळत होतं.

जळगावच्या ताईंचा फोन जानेवारीत लागेनासा झाला. मग एक दिवस त्यांच्या दिरांनी उचलला. त्या नाताळच्या आधीच गेल्या होत्या, गावी.

त्या दिवशी मी आईला वाईट प्रश्न विचारला. आळीतल्या एवढ्या बायकांनी चार महिने त्यांचं नाव घेतलं, त्याचं काय झालं? आई लसूण सोलत होती. सोलत राहिली. उत्तर दिलं नाही. संध्याकाळी माळेच्या वेळी तिने नाव सांगितलं तेव्हा ते ताईंचंच होतं. मी शीटमध्ये त्यांची ओळ काढून टाकायला गेले तर म्हणाली, "राहू दे. तारखेचा रकाना रिकामा ठेव."

*

जानेवारीत ऑपरेशन झालं. रिपोर्टमध्ये थोडं शिल्लक निघालं, पूर्ण साफ नाही. मावशीला 'चमत्कार' म्हणायचं होतं, तिने तोंड मिटून घेतलं. मार्चमध्ये रेडिएशनच्या पंधरा बैठका संपल्या आणि ९ एप्रिलला ईस्टर आला. आईच्या डोक्यावर तेव्हा करडं, कुरळं लव होतं. आधी तिचे केस सरळ होते.

आता तीन वर्षं होतील. रोज एक लेट्रोझोलची गोळी, किमान पाच वर्षं. ठरावीक महिन्यांनी परळची फेरी. फेरीच्या आदल्या रात्री घरात कुणाला झोप लागत नाही. मी विश्वास ठेवते का, असं कुणी विचारलं तर मला अजून नीट सांगता येत नाही. मिस्सेला जाते, बहुतेक रविवारी. प्रार्थनेने पेशी मरतात असं मला वाटत नाही. पण नोव्हेंबरातल्या एका रात्री आई वेदनेने कण्हत होती, गोळी देऊन झाली होती, डॉक्टरांशी बोलून झालं होतं, शीटमध्ये लिहून झालं होतं, आणि करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. पहाटेला अजून चार तास होते. तेव्हा पप्पांनी माळ काढली आणि मी त्यांच्याबरोबर म्हणाले. आई कधी झोपली ते दोघांनाही कळलं नाही. त्या चार तासांत आम्ही तिला काही विचारलं नाही, हे मात्र मला आठवतं.

सकाळचा प्रश्नही मी बंद केला आहे. चहा देते आणि बसते. सांगायचं असेल तर ती सांगते. कधी तीन म्हणते.

या ऑगस्टमध्ये पुन्हा आमच्याकडे नोव्हेना आहे. आईला ताप मोजायची गरज आता उरलेली नाही, पण मावशीने ते सोडलेलं नाही. बायका गुडघ्यांवर बसतात, मावशी थर्मामीटर उजेडात धरते आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचते, "अठ्ठ्याण्णव पॉइंट चार." मग क्रूसाची खूण करते, आणि आई पहिलं नाव सांगते.